पायी वाचलेले रान: नवेगावबांध, नागझिरा आणि दोन मराठी लेखक

१/ मराठीतील रानभटकंतीच्या पुस्तकांचा माग काढला की वाट गोंदिया जिल्ह्यात येते. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली येथे वावरले, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया १९९९ साली वेगळा झाला.

२/ माडगूळकर पाहुणे म्हणून आले. ‘नागझिरा’ हे त्या मुक्कामाचे फलित. चितमपल्ली मात्र वनाधिकारी होते. नवेगावबांधच्या तलावाकाठच्या वास्तव्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’ आकारास आले.

३/ या रानात चितमपल्लींचे वाटाडे होते गावचे माधवराव पाटील. झाडापाखरांची नावे, सवयी, संकेत हे सारे गावकऱ्यांच्या तोंडी होते. बरोबरीने चालल्यावाचून ते ऐकू येणारे नव्हते. चितमपल्लींनी ते लिहून ठेवले.

४/ नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले; २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. संरक्षण आवश्यकच होते. तथापि आज पर्यटकाला व्याघ्र प्रकल्पाचे रान बहुतांशी वाहनात बसून पाहावे लागते.

५/ म्हणूनच ही पुस्तके निव्वळ ललित लेखन नव्हेत. पायी चालणाऱ्यास रान कसे कळत असे आणि ते त्याला कोणी शिकवले, याची ती ऐतिहासिक साधने आहेत. ती वाचताना लेखकाच्या पुढे चालणाऱ्या वाटाड्याकडेही लक्ष असावे.