एकांची रांग : डेम्लो ते महाकाय मूळ संख्या

दौंडहून मुंबईला निघालेली गाडी कल्याण सोडल्यावर डोंबिवलीवरून जाते. जी.आय.पी. रेल्वेच्या काळातल्या या स्थानकाच्या नावावरूनच १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव पडले. ते देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर झाले. पुस्तिका ते बहुधा पदरमोड करूनच छापत.

डेम्लो संख्या म्हणजे नुसत्या एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग. १११ चा वर्ग १२३२१. एकांची ही रांग नऊपर्यंत सुंदर चालते, मग हातचे येतात आणि डौल मोडतो. म्हणूनच जाणकार म्हणत, हा दहाच्या पायाचा योगायोग, खरे गणित नव्हे. आक्षेप अर्धाच खरा होता.

आता विचारू, एकांची रांग मूळ संख्या कधी असते? १११११११ मध्ये सात एक आहेत, १११११११११ मध्ये नऊ. नवांचे तीन-तीनांचे गट पडतात, म्हणून त्या संख्येला १११ ने भाग जातो. तेव्हा एकांची संख्या स्वतः मूळ हवी. पण तेवढ्याने भागत नाही, कारण १११ = ३ × ३७.

हाच प्रश्न दोनच्या पायात विचारला, की आपण सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्री मर्सेनच्या दारात पोहोचतो. द्विमान पद्धतीत ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. नियमही तोच, फसगतही तीच : अकरा एकांची संख्या २०४७, म्हणजे २३ × ८९. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली, तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या द्विमान पद्धतीत १३,६२,७९,८४१ एकांची रांग आहे. दशमान पद्धतीत तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात.

इतकी मजल दोनच्या पायातच का? तिथे रांगेत १ मिळवला की दोनचा निव्वळ घात उरतो आणि तपासणी सोपी होते. दशमान रांगेला ही सवलत नाही. तिच्यातून १ वजा केला तर एकाने तोकडी रांग गुणिले दहा उरते. म्हणून ३१७ एकांची संख्या मूळ ठरवायला ३१६ एकांच्या रांगेचे अवयव उपयोगी पडतात. ह्यू विल्यम्स यांनी ते १९७७मध्ये सिद्ध केले. १०३१ एकांची सिद्धता १९८६मध्ये छापून आली. कापरेकर गेले ते याच वर्षी.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. मास्तरांनी मर्सेनचा प्रश्न सोडवला नव्हता, तसा त्यांचा दावाही नव्हता. पण ज्या रांगेला खेळ म्हणून बाजूला सारले, तिच्याच कुळात आजच्या सर्वांत मोठ्या मूळ संख्या सापडतात. खेळ कोणता आणि गणित कोणते, हे आधीच ठरवून टाकणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.