कड्याच्या कांठची वाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉलच्या सागरी कड्यांवर वसंतांत रानफुलें फुललीं, कीं हौशी पादचारी बाहेर पडतात. पण ही वाट सृष्टिसौंदर्यासाठीं पडलेली नाहीं. जबर जकात चुकवून चहा, तंबाखू, ब्रँडी चोरून उतरविणाऱ्यांना पकडण्यासाठीं १८२२ सालीं किनाऱ्यावर पहारा देणारें सरकारी दल उभारण्यांत आलें. कड्याखालचा कोपरान्‌कोपरा दिसावा म्हणून पहारेकरी सोयीची जवळची वाट सोडून अगदीं कांठाकांठानेंच चालत. गांवकऱ्यांस मात्र त्या चोरट्या व्यापारांत फारसें पाप दिसत नसे. स्वस्त चहा कोणास नको? पहारेकरीच त्यांना नकोसे वाटत, इतके कीं सरकारला त्यांच्यासाठीं निराळीं घरें बांधावीं लागलीं. १९७८ सालीं पुरी झालेली तेथील ६३० मैलांची पायवाट बऱ्याच ठिकाणीं त्या नावडत्या माणसांच्याच पावलांवरून जाते.