तपासणीची चिठ्ठी

आमच्या लहानपणी शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर येत. व्हरांड्यात टेबल मांडले जाई, वर्गावर्गांच्या रांगा लागत. जीभ बाहेर, पापणी खाली, दातांवर एक नजर, वजनकाट्यावर दोन क्षण, की झाले. ज्याच्यात काही उणे सापडे त्याच्या हाती चिठ्ठी पडे. आमच्यापैकी एकाला ती मिळाली होती : दूरचे नीट दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. कुणकेश्वरहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाचा एक दिवस मोडायचा. आजी एवढेच म्हणाली, "डाक्टरान चिठी दिल्यान, पन येष्टीचे पैशे कोण देतलो?" चिठ्ठी कोनाड्यात पंचांगाखाली गेली. चष्मा आला तो तीन वर्षांनी.

पुढे शालेय आरोग्याचा इतिहास वाचताना आजीचा हा प्रश्न आम्हांला ठिकठिकाणी भेटत राहिला, अर्थात कायद्याच्या भाषेत. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले. साम्राज्याला आपल्या प्रजेच्या खुरट्या शरीरांची काळजी वाटू लागली, ती अशी. १९०४ साली शारीरिक ऱ्हासाचा विचार करणाऱ्या समितीने शाळांतून मुलांची तपासणी व्हावी असे सुचवले आणि १९०७ च्या शिक्षण कायद्याने ती स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली. मात्र शब्द पारखून घातलेले होते. तपासणी हे कर्तव्य. उपचाराची व्यवस्था हा केवळ अधिकार, वाटल्यास वापरावा असा. तपासणी सुरू झाली आणि किडके दात, अधू दृष्टी, डोक्यातल्या उवा यांच्या याद्या तयार होऊ लागल्या. याद्यांचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला १९०९ च्या कायद्याने दिलेले उत्तर पालकांकडून खर्च वसूल करण्याचे होते. मार्गारेट मॅकमिलन या बाईंनी लंडनमध्ये आधी बो आणि मग डेप्टफर्ड येथे मुलांसाठी दवाखाने चालवून दाखवले, ते याच काळात. प्राथमिक शाळांतील मुलांचा उपचार कर्तव्याच्या रकान्यात आला तो १९१८ साली.

आपल्याकडची कथा बडोद्यापासून सुरू होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर लागू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ म्हणून हीच नोंद दिली जाते. हा क्रम आम्हांला योगायोग वाटत नाही. मूल शाळेत यावे की न यावे हे जोवर बापाच्या मर्जीवर आहे, तोवर त्याच्या शरीराशी सरकारचा संबंध नसतो. सक्तीने बाकावर बसवले, की मग त्याला फळा दिसतो का, गुरुजी ऐकू येतात का, हे बसवणाऱ्याला विचारावेच लागते.

आमचा देवगड तालुका त्या काळी ब्रिटिश अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. याच जिल्ह्यातील कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ज्या सरकारने मायदेशी चार-पाच वर्षांपूर्वी तपासणीचा कायदा केला होता, त्याच सरकारच्या बाकांवरून हा विरोध झाला, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत एकत्र वाचायला मिळत नाही. असो.

नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात, शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच आणि जेथे आहे तेथे ती अविकसित आहे, असा निर्वाळा दिला. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. आमच्या व्हरांड्यातले ते टेबल याच परंपरेतले.

खरा बदल आम्ही मानतो तो २०१३ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि वाढीतील विलंब अशा चार गटांत तीस व्याधी ठरवल्या गेल्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरते पथक येऊ लागले. महत्त्वाचे म्हणजे पुढचा उपचार, शस्त्रक्रिया धरून, मोफत असल्याचे योजनेतच लिहिले गेले. हृदयाला छिद्र असलेल्या मुलाच्या बापाला कर्ज काढावे लागू नये, ही कल्पना १९०७ च्या कायदेपंडितांना झेपली नसती.

तरीही डॉक्टर मोफत असले तरी दिवस मोफत नसतो. पथकाने लिहून दिलेले मूल कुणकेश्वरहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे, तर आईला बागेतली मजुरी सोडावी लागते नाहीतर बापाला होडी किनाऱ्यावर ठेवावी लागते. आणि पहिल्या फेरीत काम होईलच असे नाही. आमच्या वर्गात आजही एखादा विद्यार्थी पहिल्या बाकाचा हट्ट धरतो. कारण विचारले, की शाळेत असताना चिठ्ठी मिळाली होती, असे सांगतो.