परळच्या रक्तातली गैरहजर साखर

खेड, दापोली, चिपळूणची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतल्या परळ-लालबागच्या गिरण्यांत गेली. दुखणे हाताबाहेर गेले की चाकरमानी परळचे केईएम रुग्णालय गाठायचा. त्याच केईएममध्ये १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यापुढे एक कोडे आले. ओ गटाचे रक्त सगळ्यांना चालते म्हणतात. पण काही जणांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगाला ‘बॉम्बे रक्तगट’ मिळाला.

त्या निबंधाच्या लेखकांत लंडनच्या विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन यांचीही नावे आहेत. याच जोडीने त्याच वर्षी ईल, म्हणजे आपल्या वामीच्या जातकुळीतल्या माशाच्या रक्तद्रवावर प्रयोग केले. त्या द्रवात लाल पेशींवरची ‘एच’ ही खूण ओळखणारे द्रव्य असते. फ्यूकोज नावाची साधी साखर मिसळली की ते निष्प्रभ होते. एचची ओळख त्या साखरेत होती, हे त्यावरून उमगले. ए आणि बी या खुणा एचवरच उभ्या राहतात. बॉम्बे गटाच्या माणसात ही साखर तिथे जोडणारे विकर चालत नाही. म्हणून एच नाही, ए नाही, बी नाही.

खेडसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय पुस्तकी राहत नाही. ए आणि बी ओळखणाऱ्या नुसत्या अँटी-ए, अँटी-बी द्रवांवर गट काढला तर अशा माणसाच्या कार्डावर ‘ओ’च छापले जाते, आणि ओ रक्त त्याच्या जिवावर बेतू शकते. रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहिला किंवा एच ओळखणारे अँटी-एच वापरले, तरच खरे कळते. कार्ड हातात देण्याआधी एवढे व्हायलाच हवे, असे मला कळकळीने वाटते.

एरवी बॉम्बे गटाचा माणूस धडधाकट असतो, त्याची प्रतिकारशक्ती उत्तम. म्हणूनच १९९२ साली इस्रायलमध्ये आमोस एट्झिओनी यांनी वर्णन केलेली दोन मुले चक्रावणारी होती. रक्तगट बॉम्बे, पण वारंवार जंतुसंसर्ग; रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, तरी जखमेत पू धरत नव्हता. त्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला फ्यूकोज असलेली खूण लागते, आणि या मुलांत ती साखर पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागापर्यंत नेणारे प्रथिनच बिघडलेले होते. २००१ साली तो जनुक सापडला. पुढे अशा काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन गुण आला, काहींना आला नाही.

इथवर प्रश्न पांढऱ्या पेशींच्या प्रवासाचा होता. त्या घडतात कशा, याचे उत्तर एका माशीकडून आले. १९१०च्या दशकात थॉमस मॉर्गन यांच्या वर्तुळात फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच पाडणारा दोष नोंदला गेला, म्हणून त्या जनुकाचे नाव ‘नॉच’. शेजारच्या पेशीचा निरोप झेलणारे हे प्रथिन आपल्यातही आहे. अस्थिमज्जेतून थायमस ग्रंथीत आलेल्या अपक्व पेशीला नॉचचा निरोप मिळाला तर ती टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, होते. १९९९ साली उंदरांत नॉच-१ काढून टाकल्यावर टी पेशी घडणे थांबले आणि थायमसमध्ये बी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, वाढू लागल्या. उलट निरोप थांबेनासाच झाला तर? टी पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक माणसांच्या नॉच-१ मध्ये बिघाड असतो, हे २००४ साली दिसले.

आणि या नॉचवरही फ्यूकोज बसवलेला असतो. तो नसेल तर निरोप नीट पोचत नाही. इस्रायलच्या मुलांसारख्या रुग्णांत नॉचवरचा फ्यूकोज बराचसा शाबूत राहतो, कारण त्याचा पुरवठा निराळ्या वाटेने होतो. ज्या उंदरांना फ्यूकोज स्वतः तयारच करता येत नाही, त्यांच्या मज्जेत मात्र एकाच कुळाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या. अन्नातून फ्यूकोज दिल्यावर ती वाढ आटोक्यात आली, असे २००८ साली दाखवले गेले.