देंगबेज

देंगबेज : कुर्द समाजातील परंपरागत कथागायक. कुर्मांजी या कुर्दी बोलीत ‘देंग’ म्हणजे आवाज आणि ‘बेज’ म्हणजे सांगणारा. आग्नेय व पूर्व तुर्कस्तानातील दियारबकर, मुश, वान, आग्री हा या परंपरेचा मुख्य मुलूख.

देंगबेजाच्या गीताला ‘किलाम’ म्हणतात. साथीला बहुधा वाद्य नसते. गायक एक हात कानाशी नेतो, एका दमात शब्दांची लांबलचक ओळ म्हणून टाकतो आणि शेवटचा स्वर रेंगाळत ठेवतो. टोळ्यांच्या लढाया, बंडे, दगाफटका, ताटातूट हे नेहमीचे विषय. पुष्कळ किलाम स्त्रीच्या तोंडचे आहेत : गाणारा पिकल्या मिशांचा म्हातारा, पण बोलते ती भाऊ गमावलेली बहीण. कुर्दांचा इतिहास समजून घ्यायचा तर कागदपत्रांइतकेच हे विलापही ऐकले पाहिजेत. हरलेल्यांची बाजू तिथे सापडते.

एकोणिसाव्या शतकातील एवदाले झेनिके हा या परंपरेतला सर्वांत मानाचा गायक. तो आंधळा झाला, त्याने पंख मोडलेल्या क्रौंच पक्ष्याची शुश्रूषा केली आणि त्याला पुन्हा दृष्टी आली, अशी लोककथा आहे. विसाव्या शतकात रेडिओवरून मरियम खान हिचा आवाज बगदादहून, तर कारापेते खाचो याचा येरेवानहून घरोघर पोचला. कारापेते जन्माने आर्मेनियन. १९१५ च्या आर्मेनियनांच्या कत्तलीत तो पोरका झाला आणि पुढे कुर्दी किलामांचा थोर जतनकर्ता ठरला. ही एकच हकिगत दोन्ही समाजांच्या सहवासाबद्दल बरेच काही सांगून जाते.

सोव्हिएत आर्मेनियातील रेडिओ येरेवानने १९५५ पासून कुर्दी प्रसारण केले. तुर्कस्तानातल्या खेड्यांत लोक आवाज बारीक करून, दारे लावून ते ऐकत. तिथे १९८३ च्या कायद्याने कुर्दीतील प्रकाशनावर बंदी आली. १९९१ मध्ये तो कायदा रद्द झाला. मधल्या काळात किलाम टिकले ते कॅसेटवरून चोरून उतरवलेल्या कॅसेटींवर आणि म्हाताऱ्यांच्या पाठांतरात.

दियारबकरच्या जुन्या शहरात २००७ मध्ये नगरपालिकेने ‘माला देंगबेजान’ (देंगबेजांचे घर) सुरू केले. काळ्या दगडाच्या जुन्या वाड्यात वृद्ध गायक ओळीने बसतात. एकाचा किलाम संपला की शेजारचा हात कानाशी नेतो.