चालत्या नादाची नोंद

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापुरात अंबाबाईची पालखी दसरा चौकाच्या वाटेला लागली, की ती दृष्टीस पडण्यापूर्वीच कोणत्या अंगाने येत आहे, हे करवीरकर नुसत्या वाद्यांच्या निनादावरून सांगतो. कारण दोन्ही कानांपर्यंत नाद पोहोचण्यातले निमिषांशाचे अंतर आणि त्याच्या तीव्रतेतला किंचित भेद यांवरून दिशा ओळखण्याची शक्ती मनुष्याला उपजतच लाभली आहे. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, १९१५ साली, उभ्या राहिलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजेच पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, गाता गाता नट रंगमंचाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जाई, तेव्हा त्याचा स्वरही त्याच्यासवेच जाई.

हे साहचर्य बोलपटाने मोडले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आणला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची जोखीम विष्णुपंत दामले यांच्या शिरावर होती, आणि राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा गायक होता. परंतु पडद्यावरचा राजा डावीकडून उजवीकडे गेला, तरी त्याचा स्वर कर्ण्याची जागा सोडीत नसे. आवाज चढवून-उतरवून एकाच ध्वनिपट्टीवर जवळ-दूरचा आभास निर्माण करता येतो; डावे-उजवे मात्र तीवर उमटत नाही.

नेमके हेच वैगुण्य विलायतेत अभियंते अॅलन ब्लमलाइन यांना खटकले. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी दोन मार्गांनी ध्वनी टिपण्याच्या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज गुदरला, आणि पुढे चालत-बोलत जाणारी माणसे व हेज स्थानकातून धावणाऱ्या आगगाड्या यांचे चित्रण करून ती पद्धत पारखून पाहिली. ते साधन हाती नसताना, १९३३ साली पुण्यास गेलेल्या प्रभातने ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटात पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातल्याच नादांवर सारी भिस्त ठेवली. नादाला दिशा देता आली नाही, तरी त्याचे उगमस्थान प्रेक्षकाच्या मनात निश्चित करता येते, हे त्या कलावंतांनी सिद्ध केले.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांपुढे घुमणारी वाद्ये आज ज्यांना ध्वनिमुद्रित करून ठेवायची आहेत, त्यांनी दोन ध्वनिग्राहक तर वापरावेतच. शिवाय वाद्य कोणते, ते कोठून निघाले, टिपणारा कोठे उभा होता आणि नाद कोणत्या बाजूने येऊन कोणत्या बाजूस गेला, याचीही दफ्तरी नोंद करावी. त्यावाचून तो दस्तऐवज अपुराच होय.