स्पिती : शीत वाळवंटातील पाहुणचार

कुंझुम खिंड ओलांडून वाहन उतरणीला लागते, तेव्हा हिमाचलची देवदारांची दाटी कधीच मागे राहिलेली असते. समोर असतात ते उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि तळाशी स्पिती नदीचे रुंद, खडकाळ पात्र. मोसमी ढग अलीकडच्या पर्वतरांगांनाच अडत असल्याने येथे पाऊस नाममात्र पडतो. पाणी येते ते हिवाळ्यातील बर्फ वितळून. डोंगरउतारांवरून 'कूल' नावाच्या पाटांनी ते शेतांपर्यंत आणले जाते. हिवाळ्यात बर्फ कमी पडले तर पुढच्या उन्हाळ्यात पीक धोक्यात येते. म्हणून बर्फवृष्टी लांबली की स्पितीकर हवालदिल होतात.

वर्षाला पीक एकच. सातू आणि काळा वाटाणा ही जुनी पिके. गेल्या काही दशकांत हिरव्या वाटाण्याने त्यांना मागे सारले. मैदानी प्रदेशातील हंगाम संपल्यावर हा वाटाणा बाजारात येत असल्याने भाव चांगला मिळतो. स्वयंपाकघरात मात्र सातूचे स्थान अबाधित आहे. भाजलेल्या सातूच्या पिठाला येथे 'त्सांपा' म्हणतात. सातूचे पीठ परिचित असलेल्या मराठी माणसाला ते परके वाटू नये. लोणी व मीठ घुसळलेला चहा मात्र पहिल्या घोटाला चहा वाटतच नाही. तो पातळ सार समजून प्यावा, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. गरम थुक्पा, वाफवलेली तिंग्मो रोटी आणि 'छरमा' या काटेरी झुडपाच्या आंबट नारिंगी फळांचा रस यांची चव गावातील घरगुती निवासातच घ्यावी. राहण्याचे पैसे थेट त्या कुटुंबाच्या हाती पडतात.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबो मठ बाहेरून साधा मातीचा दिसतो. आतील भित्तिचित्रांमुळे त्याला 'हिमालयातील अजिंठा' म्हटले जाते. लांग्झा गावाच्या परिसरात प्राचीन टेथिस समुद्रातील जीवांचे जीवाश्म सापडतात. आपल्याकडे शाळिग्राम म्हणून पुजला जाणारा दगड याच जातकुळीचा. ते विकत घेण्याचा मोह टाळावा. एकेक दगड पर्यटकांच्या पिशवीतून गेला, तर डोंगराचा इतिहासच रिकामा होईल.

किब्बरची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या गावाने आपल्या कुरणाचा काही भाग गुरांसाठी बंद केला. चारा वाढला, भरल म्हणजे निळ्या मेंढ्यांची संख्या वाढली. भरल हे हिमबिबट्याचे भक्ष्य. त्यामुळे आज फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमबिबट्या पाहण्यासाठी देशविदेशातील निसर्गप्रेमी किब्बर व चिचम येथे येतात आणि पूर्वी रिकामा जाणारा हिवाळा ग्रामस्थांना उत्पन्न देतो. मात्र रात्री पारा उणे २५ अंशांपर्यंत उतरतो, नळ गोठतात, शौचालय मातीचे व बिनपाण्याचे असते. त्यातील खत वसंतात शेतात जाते. एका बुखारीभोवती संपूर्ण घर बसते. पाहुण्यालाही तेथेच जागा मिळते. गरम पाण्याच्या बादलीसाठी हट्ट धरणाऱ्यांनी उन्हाळाच निवडावा.

उंचीकडे दुर्लक्ष करणे सर्वांत धोक्याचे. काझा सुमारे ३,६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. मनालीहून एकाच दिवसात साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड गाठणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, धाप यांचा त्रास हमखास संभवतो. सिमला-किन्नौर मार्ग लांबचा असला तरी चढ हळूहळू असल्याने शरीराला सवय होते. वाटेत कल्पा, ताबो असे मुक्काम करावेत. त्रास वाढला तर औषधाच्या भरवशावर न थांबता खाली उतरावे.

कधी व कसे जाल : मनाली-काझा अंतर सुमारे २०० किलोमीटर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्याने रोहतांगची चढण टळते. कुंझुम खिंड मात्र साधारणतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुली असते. हिवाळ्यात किन्नौरमार्गेच जावे लागते आणि दरडी किंवा हिमवृष्टीमुळे तोही रस्ता अधूनमधून बंद होतो. परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. भारतीयांना परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र सोबत असावे.